मामा, भिंत तीन फुटी करू नका

औसा तालुक्यातल्या आमच्या मामांनी जुन्या घराची पडकी दगडी भिंत पुन्हा बांधायला काढलीय आणि नेमका आत्ताच त्यांना एक मेसेज आला. ‘कॉम्प्युटरवर घरं पाडून बघणारे संशोधक म्हणजे पैशाची उधळपट्टी. पूर्वजांनी कॉम्प्युटरशिवाय वेरूळ केलं. नॉर्वेत कॉम्प्युटरच्या गणितानं समुद्रातला तेल-वायूचा प्लॅटफॉर्म बुडाला. हा सगळा विदेशी सॉफ्टवेअरवाल्यांचा धंदा. भिंत जाड ठेवा, भूकंप काही करत नाही.’ झालं, मामांची भिंत तीन फुटांवर गेली.

वेरूळचं आधी उरकतो. कैलास लेणं वरून खाली कोरत आणलंय. दगडावर दगड रचलेलाच नाही, तर सुटणार काय?

आता जाड भिंत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत माणसं कशाखाली गेली, हे लातूर-धाराशिवकडं सांगायला पाहिजे का? दोन-अडीच फुटी दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे चार टनांच्या वर ओझं. भूकंपाचा जोर वजनाच्या हिशेबानं बसतो; जाडी वाढवली की जोरही वाढवून घेतला. शिवाय ती भिंत एकसंध नसतेच. बाहेरून एक थर, आतून एक, मधे चिपा आणि माती. हादरा बसला की दोन्ही थर फुगून सुटे होतात. संशोधक कॉम्प्युटरवर हेच बघतात: भिंतीचे हजारो बारके तुकडे मांडायचे, चाचण्यांतून आलेली दगड-मातीची ताकद त्यात घालायची, हलवायचं आणि पहिली भेग कुठं जाते ते शोधायचं. कुणी न मरता.

आयएस १३८२८ हे अशा कमी ताकदीच्या बांधकामाच्या भूकंपसुरक्षेचं १९९३ चंच भारतीय मानक. त्यात दगडी भिंतीची जाडी ४५० मिलिमीटरच्या, म्हणजे दीड फुटाच्या, वर नको असं लिहिलंय. किमान समजून वाचू नका, ती कमाल आहे.

नॉर्वेचं अर्धं खरं, नाइलाजानं मान्य. स्लाइपनर ए या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया २३ ऑगस्ट १९९१ ला बुडाला. गणितात कातर ताण, म्हणजे भिंतीला कात्रीसारखा कापणारा जोर, ४७ टक्के कमी आला होता. पण पुढचं मेसेजवाल्यानं गिळलं. नंतर कॉम्प्युटरवरच बारकाईनं केलेल्या गणितात त्या पायाची भिंत ६२ मीटर खोलीवर फुटणार असं निघालं. प्रत्यक्षात फुटली ६५ वर.

आणि धंदा म्हणाल, तर अशी गणितं करणारं कॅल्क्युलिक्स हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

मामा, दगड जास्तीचा आणलाच असेल तर कंपाउंडला वापरा. दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर भिंतीच्या आरपार जाणारा अखंड दगड आणि दारं-खिडक्यांवरून चारी भिंतींना सलग काँक्रीटची पट्टी, एवढं गवंड्याला आजच सांगा.