उपेक्षा या शब्दाचं मी काय केलं

आई गेल्यावर तीन वर्षं मी माझ्या सख्ख्या भावाशी बोलले नाही.

आई पावणेदोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिला कुशीवर वळवणं, अंग पुसणं, औषधांच्या वेळा सांभाळणं, रात्री दोन-दोन तासांनी उठून बघणं, हे सगळं मी आणि माझ्या नवऱ्याने केलं. दादा त्या काळात दोनदा आला. फोन मात्र नेमाने करायचा आणि फोनवरून सूचना द्यायचा. डॉक्टर बदल. अजून कुणाला तरी दाखव. व्यायाम घेणारी बाई रोज का येत नाही? आई गेली त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने तोच रडला. ते मला सहन झालं नाही.

घरातली गोष्ट इथे सांगायला संकोच वाटतो. तरी सांगतेय, कारण त्या अबोल्याला मी शास्त्राचा आधार दिला होता आणि तो आधार चुकीचा होता. माझ्या ओळखीतली बरीच माणसं हीच चूक करताना मला दिसतात, तीही धर्माचं नाव घेऊन.

पतंजलींच्या योगसूत्रांतलं पहिल्या पादातलं, म्हणजे पहिल्या प्रकरणातलं, तेहतिसावं सूत्र मला पूर्वीपासून पाठ आहे: मैत्रीकरुणामुदितोपेक्षाणां सुखदुःखपुण्यापुण्यविषयाणां भावनातश्चित्तप्रसादनम्। सुखी माणसाबद्दल मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं वागणाऱ्याबद्दल मुदिता म्हणजे मनापासूनचा आनंद, आणि वाईट वागणाऱ्याबद्दल उपेक्षा. असं करत गेलं की चित्त निवळतं. ‘निवळतं’ हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. प्रसादन म्हणजे गढूळ पाणी नितळ होणं.

या सूत्राची जागाही बघण्यासारखी आहे. श्वासाचं सूत्र याच्यानंतर येतं, चौतिसावं. आसनांची तर तीनच सूत्रं आहेत आणि ती दुसऱ्या पादात, खूप पुढे. शिवाय चौतीस ते एकोणचाळीस या सहाही सूत्रांत ‘वा’ आहे, म्हणजे ‘किंवा’. श्वासाने मन स्थिर करा, किंवा स्वप्न-निद्रेतल्या ज्ञानाचा आधार घ्या, किंवा जे आवडेल त्याचं ध्यान करा. तेहतिसाव्यात ‘वा’ नाही. मी त्याचा अर्थ असा घेते की बाकीचे उपाय निवडायचे, आणि माणसांशी मनाने कसं वागायचं ते मात्र प्रत्येकाला करावंच लागणार. योगाच्या वर्गांत हे सूत्र फारसं निघत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर माझा हिशोब असा होता. दादा चुकीचं वागला, म्हणजे तो चौथ्या खान्यात. चौथ्या खान्यात उपेक्षा. मग मी त्याचे फोन घेणं बंद केलं, घरच्या ग्रुपवर त्याच्या बोलण्याला उत्तर देणं सोडलं, समारंभात समोर आला तर नजर दुसरीकडे वळवली. मराठीत उपेक्षा करणं म्हणजे हेच ना? मला त्यात धार्मिक समाधानही वाटायचं. मी भांडत नाहीये, मी साधना करतेय.

पण चित्त काही निवळलं नाही. तीन वर्षांत एक दिवस नाही.

उपेक्षा हा शब्द उप आणि ईक्ष् यांपासून झाला आहे. ईक्ष् म्हणजे पाहणं. परीक्षा, निरीक्षण, समीक्षा, प्रतीक्षा, अपेक्षा, सगळ्यांत तोच धातू आहे. म्हणजे उपेक्षेच्या पोटातसुद्धा पाहणं आहे. संस्कृतातही या शब्दाला दुर्लक्ष, हयगय असा अर्थ आहेच, मराठीने तो पदरचा घातलेला नाही. पण मैत्री, करुणा, मुदिता यांच्या पंगतीला जी उपेक्षा बसवली आहे ती हयगय कशी असेल?

याचं सगळ्यांत नेमकं उत्तर मला बौद्ध परंपरेत सापडलं. तिथेही हेच चार शब्द आहेत: मेत्ता, करुणा, मुदिता, उपेक्खा. त्यांना ब्रह्मविहार म्हणतात. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषांनी विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथात प्रत्येक भावनेचे दोन प्रकारचे शत्रू सांगितले आहेत, दूरचा आणि जवळचा. दूरचा शत्रू उघड विरोधी असतो, तो चटकन ओळखता येतो. जवळचा शत्रू त्या भावनेसारखाच दिसतो आणि म्हणून घरात शिरतो. मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष, जवळचा शत्रू आसक्ती. उपेक्षेचे दूरचे शत्रू आसक्ती आणि चीड. आणि जवळचा शत्रू कोण? अज्ञानातून आलेली बेपर्वाई. पालीत तिला अञ्ञाणुपेक्खा म्हणतात. म्हणजे जिला मी रोजच्या भाषेत उपेक्षा म्हणत होते, ती या लोकांच्या लेखी उपेक्षेची शत्रू आहे. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसून राहिले.

आणि माझी तर बेपर्वाईही खरी नव्हती. वरून बेपर्वाई, आत चीड. दादाने कुठे फोटो टाकला, कुणाबरोबर टाकला, त्याने नवीन गाडी घेतली, सगळं मला माहीत होतं. मी बोलत नव्हते एवढंच. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात एक वाक्य आहे. तिसऱ्या पादात, मैत्री वगैरे भावनांवर संयम, म्हणजे खोल एकाग्र ध्यान, केला की त्यांचं बळ मिळतं असं सूत्र येतं. तिथे भाष्यकार स्पष्ट करतात की हे फक्त पहिल्या तिघींना लागू आहे. पापशील माणसांबद्दलची उपेक्षा ही भावनाच नाही, त्यामुळे तिच्यात समाधी नाही. म्हणजे उपेक्षा घोळवायची नसते, जोपासायची नसते, तिच्यातून ताकद मिळवायची नसते. ती सोडून देण्याची क्रिया आहे. आणि मी? दादाच्या अपराधावर सकाळ-संध्याकाळ माझं ध्यान लागत होतं. आईच्या आठवणीतही तोच मध्ये येऊन उभा राहायचा.

जैन परंपरेने तर शब्दच वेगळा निवडला आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य अशी नावं येतात. सर्व जीवांबद्दल मैत्री, गुणांनी श्रेष्ठ असलेल्यांबद्दल प्रमोद, क्लेशात असलेल्यांबद्दल कारुण्य, आणि जो शिकवण घ्यायला तयारच नाही त्याच्याबद्दल माध्यस्थ्य. मध्यस्थ म्हणजे काय ते शंकराचार्यांनी गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या नवव्या श्लोकावर लिहिताना सांगितलंय. उदासीन म्हणजे कोणाचाच पक्ष न घेणारा, आणि मध्यस्थ म्हणजे परस्परविरोधी दोघांचंही हित इच्छिणारा. दोघांचंही! चौथ्या खान्यातल्या माणसाचंही भलंच चिंतायचं आहे. आपल्या पसायदानात तरी दुसरं काय आहे? खळांची व्यंकटी सांडो. खळ राहो, त्याचा वाकडेपणा तेवढा जावो.

मला या सगळ्यात एका गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. या तिन्ही परंपरा आत्म्याच्या प्रश्नावर शतकानुशतकं वाद घालत होत्या. एक म्हणते पुरुष, म्हणजे आत्मा, नित्य आहे, एक म्हणते असा नित्य आत्मा मुळात नाहीच, एक म्हणते अनंत जीव आहेत. आणि शेजारच्या माणसाशी मनाने कसं वागायचं हे विचारलं तर तिघी जवळजवळ त्याच चार शब्दांपाशी येतात. मांडणीत फरक आहे. बौद्ध परंपरेत चारही भावना सर्व दिशांना, सर्व प्राण्यांवर सारख्याच पसरवायच्या असतात. योग आणि जैन परंपरा कोणाला काय द्यायचं ते वाटून देतात. पण रोजच्या जगण्यात उपयोगी काय, असं मला कुणी विचारलं तर मी हे चार शब्द सांगेन. अद्वैत की द्वैत ते नंतर बघू.

आता आपण प्रत्यक्षात काय करतो ते बघा. आपण वाटणीच उलटी करून ठेवली आहे. सुखी माणसाचा हेवा, दुःखी माणसाकडे पाठ, चांगल्या माणसावर संशय, आणि वाईट माणसावर अखंड लक्ष. दिवसभरात आपण सगळ्यांत जास्त वेळ कोणाबद्दल बोलतो? ज्याचा आपल्याला तिटकारा आहे त्याच्याबद्दल.

पहिल्या खान्याकडे तर मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. मला वाटायचं मैत्रीची गरज दुःखात असते. सूत्र म्हणतं, मैत्री सुखी माणसाशी. व्यासभाष्यावर टीका लिहिणाऱ्या वाचस्पति मिश्रांनी कारणही दिलंय: त्याने ईर्ष्येचा मळ जातो. विचार करा, मैत्रिणीला मूल झालं आणि आपल्याला होत नाहीये, किंवा बरोबरीच्याला बढती मिळाली आणि आपण तिथेच आहोत. तेव्हा आपण वाईट वागत नाही, फक्त हळूच मागे सरकतो. फोन कमी होतात. ती माणसं आनंदात असतात आणि एकटी पडतात. दुःखात धावून जाणं मला कधी जड गेलं नाही. सुखात शेजारी उभं राहणं मात्र आजही प्रयत्नाने करावं लागतं.

मुदितेचंही तेच. कुणी रक्तदान केलं, कुणी शाळेला पुस्तकं दिली, की पहिला प्रश्न: फोटो कशाला? यात त्याचा काय फायदा? वाचस्पति याला असूया म्हणतात, गुणांतही दोष शोधणं.

पण एका बाबतीत मला खूप राग येतो आणि तो मी इथे लिहिणार आहे. उपेक्षेचा उपदेश नेहमी चुकीच्या माणसाला केला जातो. जिला मारहाण होतेय तिला सांगतात, दुर्लक्ष कर, मन शांत ठेव. ज्याचा कामाच्या ठिकाणी अपमान होतोय त्याला सांगतात, क्षमा हा मोठा धर्म आहे. अहो, तो माणूस त्या क्षणी दुसऱ्या खान्यात आहे. तो दुःखी आहे. त्याला तुमची करुणा मिळायला हवी, आणि करुणा म्हणजे उठून मदत करणं. तक्रार करायला त्याच्याबरोबर जाणं. सूत्रात चित्त निवळण्याचा उपाय सांगितलाय, अन्याय सोसण्याचा नाही. गीतेच्या बाराव्या अध्यायातला सोळावा श्लोक बघा: अनपेक्षः शुचिर्दक्ष उदासीनो गतव्यथः। ‘दक्ष’ आणि ‘उदासीन’ हे दोन शब्द एकमेकांना लागून आले आहेत. उदासीन, म्हणजे जरा वर, बाजूला बसलेला. मराठीत आपण त्याचा ‘उदास’ करून टाकला. पण जो दक्ष नाही, ज्याने करायचं ते केलेलं नाही, त्याच्या उदासीनतेला गीता भक्ताचं लक्षण म्हणत नाही.

मला दक्ष व्हायचं राहून गेलं होतं. तीन वर्षांत मी दादाला एकदाही सरळ शब्दांत सांगितलं नव्हतं की मला काय खुपलं. आईच्या उपचाराच्या खर्चातला त्याचा वाटाही मागितला नव्हता. मागितला असता तर माझा अबोला मोठा कसा दिसला असता? मी मनात साठवत गेले.

गेल्या वर्षी मी त्याला एक मेसेज लिहिला. खर्चाचा तपशील, त्याचा वाटा, आणि खाली तीन ओळी: तू आला नाहीस याचा मला राग आहे. तो तुला माहीत असावा म्हणून सांगतेय. माफी मागायला सांगत नाहीये. दोन दिवसांनी पैसे आले. उत्तर आलं नाही. मला वाटलं होतं मी चिडेन. चिडले नाही. तो विषय माझ्या बाजूने संपला होता, खरोखर संपला होता, आणि त्या आठवड्यात कितीतरी दिवसांनी आई मला एकटी आठवली, दादाशिवाय.

नंतर सूत्र परत वाचताना लक्षात आलं की त्यात ‘सुखी’, ‘पापी’ असे माणसांचे शब्दच नाहीत. सुख, दुःख, पुण्य, अपुण्य असे शब्द आहेत. भाष्यकार त्यांचा अर्थ त्या-त्या प्रकारची माणसं असा लावतात, ते मला मान्य आहे. पण मूळ शब्द वाचून माझ्या मनात वेगळंच आलं. एकच माणूस या चारही खान्यांत असू शकतो. मी दादाला चौथ्या खान्यात घालून कुलूप लावलं होतं. त्याच्या मुलीचं चांगलं झालं तेव्हा तो पहिल्या खान्यात होता, आणि मी नव्हते. आई गेली त्या दिवशी तो मोठ्याने रडत होता. तेव्हा तो कुठल्या खान्यात होता?

दोन महिन्यांपूर्वी मी फोन केला. भाचीच्या निकालाबद्दल अभिनंदन करायचं म्हणून. इकडचं तिकडचं बोलणं झालं, दोघंही जपून बोलत होतो. ठेवते म्हणाले तेव्हा तो म्हणाला, “थांब जरा. आई शेवटी शेवटी काय बोलायची गं? मला कुणी सांगितलंच नाही.”

मी खुर्ची ओढून बसले आणि सांगायला लागले.