नक्षी

गेल्या जुलैत माझी जिमनी माझ्याच गावात, माझ्याच घरापासून तीनशे फुटांवर रुतली. फोर बाय फोर गाडी! साधी गाडी असती तर दोनच चाकं जागच्या जागी फिरली असती. माझी चारही फिरत होती.

माणगावपासून आत आमचं गाव. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून शंभरेक किलोमीटर डांबरी रस्ता, आणि शेवटी ही लाल चिखलाची पाणंद. खरं सांगायचं तर ह्या तीनशे फुटांसाठीच मी ही गाडी घेतली होती. डिकीत 208 लिटर जागा, म्हणजे दोन बॅगा ठेवल्या की तिसरी बायकोच्या मांडीवर. हा त्याग आम्ही (म्हणजे तिने) पाणंदीसाठीच सोसत होतो.

चुलतभाऊ बाळा छत्री घेऊन आला. चाकाशी उकिडवा बसला, टायरवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "दादा, टायरला नक्षीच नाय. चिखल भरून लाडू झालाय नुसता. जरा हवा सोड, निघंल."

हवा सोडली. निघाली. टायर पसरला की जमिनीवर जास्त टेकतो, इतकी साधी गोष्ट, खर्च शून्य. तिथेच विषय संपायला हवा होता. पण भावकीसमोर हवा सोडून बाहेर पडलेला माणूस गप्प बसत नाही.

पुण्यात आल्यावर टायरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने टायरच्या खाचेत अंगठ्याचं नख घातलं आणि तळाशी एक बारीक उंचवटा दाखवला. "नक्षी झिजून ह्या उंचवट्याला आली, की समजायचं 1.6 मिलिमीटर उरली. टायर बाद. तुमचा अजून पुष्कळ आहे, साहेब. पण हा एचटी आहे, हायवेचा. चिखलाला पाहिजे एटी, सगळ्या रस्त्यांचा. नाहीतर एमटी, खास चिखलाचा." त्याने कोपऱ्यातला एमटी गडगडत आणला. चॉकलेटची वडी वाटावी असे एकेक गट्टू. "हे बटण टायर. चिखल नुसता फेकून देतो. डांबरीवर मात्र गुणगुणतो, ओल्या डांबरावर जरा घसरतो आणि पेट्रोल पितो."

म्हणजे तीनशे फूट सुखाचे आणि शंभर किलोमीटर भुणभुण. मी विचार करतो म्हणालो. तिथून पुढचा महिना मी फक्त विचारच केला.

आधी गणित मांडलं. कंपनीचा टायर 195/80 आर 15. रुंदी 195 मिलिमीटर, उंची तिच्या 80 टक्के, आतली रिम 15 इंची. जिथे तिथे जो तो 215/75 घ्या म्हणत होता. वही काढली. जुन्या टायरचा व्यास 693 मिलिमीटर, नव्याचा 703.5. फरक साडेदहा. पण गाडी उचलली जाणार त्याच्या निम्मी, म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. हा शोध मी रात्री साडेअकराला बायकोला सांगितला.

"सव्वापाच मिलिमीटर म्हणजे केवढं?"

"भाकरीएवढं."

"कुणाच्या हातच्या?" असं विचारून ती कुशीवर वळली.

मग कुणीतरी डोक्यात भरवलं की टायर कधी बनला ते आधी बघावं. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. हे आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच अंगाला असतात, आणि माझ्या नशिबाने ते आतल्या अंगाला होते. रात्री जेवण झाल्यावर मी पार्किंगमध्ये पाठीवर झोपलो आणि तोंडात टॉर्च धरून गाडीखाली सरकलो. पायजमा बाहेर, बाकीचा मी आत. 2323, म्हणजे 2023 सालचा तेविसावा आठवडा, असं पुटपुटतोय तेवढ्यात पायाला काठी टोचली.

"कोण आहे रे? बाहेर निघ!"

वॉचमनकाकांना मी टायरचा जन्मदिवस बघत होतो, हे सांगून बघितलं. त्यांनी तक्रार केली नाही. पण दुसऱ्या दिवशीपासून ते माझ्या मुलीला "बाबा बरे आहेत ना?" असं विचारायला लागले.

शेवटी एटी ठरला. मूळच्याच मापाचा, भाकरीवर पाणी सोडलं. कुठलाही मध्यमवर्गीय माणूस तीन पर्यायांतला मधलाच घेतो, त्यासाठी महिना कशाला लागतो ते मला विचारू नका. मी म्हटलं, दोन बदलू, दोन पुढच्या वर्षी. दुकानदाराने कानाला हात लावला. ह्या गाडीत फोर बाय फोर टाकलं की पुढची-मागची चाकं एकमेकांना बांधल्यासारखी फिरतात. एक जोडी नवी, एक झिजलेली असली की ती आतल्या आत भांडतात, आणि भुर्दंड गिअरना. चार एकदम घ्यायचे.

"आणि स्टेपनी?" तो म्हणाला.

हा शब्द मूळचा वेल्समधला. लानेल्ली गावात स्टेपनी नावाची गल्ली आहे, तिथे 1904 साली जादा चाकाचा धंदा सुरू झाला. साहेब तो शब्द विसरला, आपण अजून चालवतोय. माझी स्टेपनी मागच्या दारावर, जगाला दिसेल अशी टांगलेली. चार नवे आणि पाठीवर जुना, म्हणजे नव्या सदऱ्याला ठिगळ. पाच घेतले. आकडा घरी कळवताना मी पाचाने भागून सांगितला.

दिवाळीला गावी निघालो. ताम्हिणीत टायरची बारीक गुणगुण ऐकू येत होती. मी गाणी मोठी केली. परतीचा पाऊस आदल्याच रात्री झोडपून गेलेला. पाणंद अगदी मनासारखी सडलेली! बाळा मुद्दाम कडेला उभा होता. लिव्हर ओढला आणि हवा न सोडता, न थांबता, चिखल उडवत गाडी थेट वर काढली. वळण घेऊन ऐटीत अंगणात उभी केली.

काकी पडवीतून बाहेर आली. पावसाळा सरल्यावर तिने चार दिवस खपून अंगण चोपून घेतलं होतं आणि त्याच सकाळी शेणाने सारवलं होतं. त्या ओल्या, गुळगुळीत, हिरवट अंगणावर फाटकापासून तुळशीपर्यंत दोन पट्टे उमटले होते. एकेक गट्टू, एकेक खाच सुबक. खाचांतून सुटलेल्या चिखलाच्या वड्या मध्ये मध्ये ओळीने पडलेल्या.

बाळा वाकून बघत म्हणाला, "दादा, आता नक्षी हाय."

"मेल्या," काकी मला म्हणाली, "रांगोळी मला काढता येते हो." आणि तिने कोपऱ्यातलं चोपणं माझ्या हातात दिलं.