पागा लंडनची, प्रश्न घरचा

लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात काम करणाऱ्या एका परिचितांमुळे आम्हा पाच-सहा जणांना तेथील पागा आणि चित्रदालन गर्दीवाचून पाहता आले. साताऱ्यात जुलै २०२४ मध्ये वाघनखे लंडनहून तीन वर्षांच्या मुदतीवर आल्यापासून घरी ‘आमच्या वस्तू आम्हाला परत द्या’ हा विषय पुन्हा तापला आहे, आणि मीही तो मनात धरूनच आत शिरलो होतो.

पागेत प्रथम जाणवते ती स्वच्छता आणि मग ओल्या गवताचा वास. येथील राखाडी घोडे राजाच्या बग्गीला जुंपले जातात, तर तांबूस ‘क्लीव्हलंड बे’ घोडे साधी टपाली बग्गी ओढतात. मोतद्दार मंडळी आमच्याशी बोलताबोलताही खरारा थांबवत नव्हती. शेजारच्या दालनातील सोन्याच्या मुलाम्याची राजगाडी १७६२ मधली आहे. वजन सुमारे चार टन असल्यामुळे तिला आठ घोडे लागतात आणि तीही पायी चालण्याच्या गतीनेच सरकते. (तिच्या झोल्यांबद्दल खुद्द राजघराण्यातूनच तक्रारी झाल्या आहेत, हे ऐकून मला उगाचच बरे वाटले.)

त्याच १७६२ साली तिसऱ्या जॉर्जने व्हेनिसहून विकत घेतलेल्या संग्रहातून डच चित्रकार वर्मीरचे एक चित्र येथे आले. ते तेव्हा दुसऱ्याच चित्रकाराचे समजले जात होते आणि खरा कर्ता उमगायला शंभराहून अधिक वर्षे लागली. राजघराण्याचा हा सारा संग्रह राजाला विकता येत नाही, कारण तो त्याने पुढील वारसांसाठी व राष्ट्रासाठी विश्वस्त म्हणून सांभाळायचा असतो. राजवाडा १९९३ पासून उन्हाळ्यात लोकांसाठी उघडला गेला, तोही विंडसर येथील राजघराण्याच्या किल्ल्याला लागलेल्या आगीनंतर तेथील दुरुस्तीचा खर्च भागवावा म्हणून. याचा अर्थ येथे सारे निर्मळ आहे असा नव्हे. टिपूच्या सिंहासनावरील सोन्याचे व्याघ्रमुख १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीतले आहे आणि ते याच संग्रहात आहे. ते परत मागण्यात मला काहीही गैर वाटत नाही.

पण परत मागणाऱ्या आपल्यापैकी किती जण सातारा जिल्ह्यातल्या औंधला गेले आहेत? तेथील संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी तेथील यमाईच्या डोंगरावर १९३८ मध्ये संग्रहालय उभारले, त्यात राजा रविवर्म्यांची चित्रे आणि हेन्री मूरचे ‘माता आणि बालक’ हे शिल्प आहे, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्या संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती दिला. ती मालकी आज आपलीच आहे, कारण संग्रहालय राज्य शासन चालवते. वाघनखे खरी की खोटी यावर मी तासन्‌तास वाद घातला आहे. औंधला मात्र मी अद्याप गेलेलो नाही, हे त्या मोतद्दाराने ‘तुमच्याकडे राजांचे संग्रह कुठे पाहायला मिळतात?’ असे विचारल्यावर मला कबूल करावे लागले.