‘हाडाजवळ लाल म्हणजे कच्चं’ आणि तंगडीबद्दलच्या बाकीच्या थापा

आषाढ सरत आला आणि गटारीचे वेध लागले की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. थर्टी फर्स्टला तोच पुन्हा येतो, फक्त वरचं चित्र बदलतं. ‘हॉटेलसारखी तंगडी घरच्या घरी’. मजकूर साधारण असा: चिकन नळाखाली खळखळून धुवा. लिंबू-व्हिनेगरमध्ये रात्रभर मुरवा. शिजण्याची खात्री नसेल तर आधी कुकरला एक शिट्टी काढा. मग मोठ्या जाळावर चारी बाजूंनी झटपट भाजा, म्हणजे रस आत कोंडला जातो. ओव्हन असेल तर ३५० वर ठेवा, आतलं तापमान १६५ झालं पाहिजे. वीस मिनिटांत काम फत्ते. हाडाजवळ लाल दिसलं तर कच्चं, पांढरं दिसलं तर बिनधास्त खा. आणि पाऊस असेल तर शेगडी गॅलरीत घ्या.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही. पण यातल्या बहुतेक ओळी अर्धवट ऐकून लिहिलेल्या आहेत आणि शेवटची तर जिवावर बेतणारी आहे. क्रम मेसेजचाच पाळत नाही. ज्या ओळीपायी सगळ्यात जास्त चिकन फुकट जातं, तिथून सुरू करते.

‘मोठ्या जाळावर झटपट भाजलं की रस आत कोंडला जातो.’ ही समजूत आजची नाही. १८४७ च्या सुमारास युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं ती मांडली आणि तेव्हापासून ती स्वयंपाकघरात मुक्काम ठोकून आहे. पुढे लोकांनी मांस भाजण्याआधी आणि नंतर वजन करून पाहिलं, तर आधी लाल केलेलं मांस रस कमी सोडतं असं काही निघालं नाही. खरं तर वजनकाट्याचीही गरज नाही. दोन्ही बाजूंनी छान लाल झालेली तंगडी जाळीवर तशीच ठेवा आणि कान द्या. चर्र आवाज चालूच असतो, मध्येच एखादा थेंब निखाऱ्यावर पडून फुस्स होतो. तो आवाज बाहेर पडणाऱ्या पाण्याचा. रस खरंच कोंडला असता तर जाळी गप्प बसली असती.

खरपूसपणा हवाच, त्याबद्दल वाद नाही. साधारण १४० अंशांच्या पुढे मांसाच्या पृष्ठभागावरची प्रथिनं आणि साखर मिळून तो तपकिरी रंग आणि भाजका वास तयार करतात. त्याच्याशिवाय तंगडी म्हणजे उकडलेलं चिकन. पण तो आधी नको, शेवटी हवा. तंगडीचा आकारच अडचणीचा: एक टोक गलेलठ्ठ, दुसरं काटकुळं, आणि मध्ये हाड. मांसातून उष्णता सावकाश सरकते. मोठ्या जाळावर बाहेरचा मसाला आठ-दहा मिनिटांत काळा पडतो आणि तेव्हा हाडाच्या अंगाचं मांस अजून बुळबुळीत असतं. गच्चीवरच्या पार्ट्यांत पहिल्या घासाला तोंड वाकडं करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

म्हणून निखारे शेगडीत एकाच बाजूला ओढा. दुसरी बाजू रिकामी. तंगड्या रिकाम्या बाजूला, जाड टोक निखाऱ्याकडे आणि बारीक टोक लांब. वर झाकण. झाकणाची शेगडी नसेल तर मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं उपडं घाला, चालतं. पस्तीस-चाळीस मिनिटं, मध्ये एक-दोनदा फिरवून. मग शेवटची तीन-चार मिनिटं थेट निखाऱ्यावर घेऊन रंग आणा, तेव्हा मात्र तिथून हलायचं नाही. कोळसा लाकडी हवा, इस्त्रीवाल्याकडे असतो तसा. दगडी कोळसा खाण्याच्या पदार्थाजवळ आणूच नये. पेटवायला रॉकेल ओतलं तर मसाला कितीही भारी असो, चव रॉकेलचीच. आणि ज्वाळा दिसताहेत तोवर काही ठेवायचं नाही. कोळशावर राखेचा पांढुरका थर चढला की समजायचं, आच तयार.

हे काही परदेशी तंत्र नव्हे. पनवेल-उरणच्या पुढे थंडीत पोपटी लावतात, ती आठवा. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेलं चिकन. मडकं उपडं, भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही, आणि आतल्या चिकनला ज्वाळा कधी दिसतही नाही. चहूबाजूंची उष्णता आणि वेळ, एवढ्यावर ते हाडापासून सुटतं. पोपटी लावणाऱ्या कुणालाही ‘आधी रस कोंडून घ्या’ म्हणून सांगून बघा.

आता तो लाल रंग. ‘हाडाजवळ लाल दिसलं तर कच्चं’ या ओळीमुळे व्यवस्थित शिजलेल्या किती तंगड्या परत जाळीवर चढल्या आणि वाळून कोरड्या ठणठणीत झाल्या, त्याला गणती नाही. आपल्याला दुकानात मिळतो तो ब्रॉयलर जेमतेम पाच-सहा आठवड्यांचा. अंगानं भरलेला, पण हाडं कोवळी आणि सच्छिद्र. ती तापली की आतल्या मज्जेचा रंग झिरपून शेजारच्या मांसात उतरतो. चिकन फ्रीझरमधलं असेल तर हे जास्तच दिसतं, हाड काळपट जांभळं होतं. शिवाय कोळशावर भाजताना धुरातल्या वायूंमुळे पृष्ठभागाच्या जरा खाली गुलाबी कडा येते, तीही शिजलेल्याच मांसात. जून झालेल्या गावठी कोंबडीची हाडं पक्की असतात, तिच्यात हाडाजवळची लाली कमी. म्हणजे हा रंग कोंबडीच्या वयाबद्दल बरंच सांगतो, शिजण्याबद्दल फार कमी.

याच ओळीचा दुसरा अर्धा भाग जास्त वाईट. ‘पांढरं दिसलं तर बिनधास्त खा.’ मांस पुरेसं तापण्याच्या आधीच पांढरट दिसायला लागू शकतं. आणि आपण हळद, काश्मिरी मिरची, वर चिमूटभर तंदुरी रंग असा जो लेप लावतो, त्यातून पांढरं काय आणि गुलाबी काय, ट्यूबलाइटखाली कुणाला कळणार? साल्मोनेला आणि कँपिलोबॅक्टर हे चिकनमधले नेहमीचे जंतू रंग बघून मरत नाहीत, तापमानानं मरतात. मांसाचा आतला भाग ७४ अंश सेल्सियसला पोचला की सुरक्षित, हा सर्वमान्य आकडा.

पण तंगडीसाठी ७४ हा मुक्काम नव्हे. छातीचा पीस त्याच्या पुढे कोरडा पडत जातो, त्याच्याबाबत थांबणं बरोबर. तंगडी म्हणजे कोंबडीचं वजन पेलणारा पाय. तिच्यात स्नायूबंध आणि कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन भरपूर. ७४ ला उतरवलेली तंगडी पोटाला बाधणार नाही, पण दातात अडकेल, चिवट लागेल. ८० ते ८५ च्या दरम्यान थोडा वेळ राहिली की कोलॅजनचं जिलेटिन होतं आणि मग ती बोटांना चिकटणारी मऊ तंगडी मिळते. म्हणून स्वयंपाकाचा सुईवाला थर्मामीटर घ्या. गटारीच्या एका पार्टीच्या खर्चापुढे त्याची किंमत काहीच नाही. सुई जाड भागात खुपसा, हाडाला टेकवू नका, नाहीतर आकडा चुकीचा येतो. थर्मामीटर नसेलच तर बारीक टोकाकडे बघा: तिथलं मांस आक्रसून वर सरकलेलं, हाडाचं टोक उघडं पडलेलं, आणि हाड धरून जरा पिळलं तर ते मांसात सहज फिरतं. ही खूण थर्मामीटरची जागा घेत नाही, पण रंगापेक्षा पुष्कळ बरी.

‘ओव्हन ३५० वर, आतलं तापमान १६५.’ आकडे बरोबर आहेत, देश चुकलाय. हे फॅरनहाइट आहेत. ३५० फॅरनहाइट म्हणजे आपले साधारण १७७ सेल्सियस, आणि १६५ म्हणजे तेच वरचे ७४. आपल्याकडच्या बहुतेक ओटीजींची, म्हणजे घरगुती छोट्या ओव्हनची, चकती २३० नाहीतर २५० ला संपते. मेसेज वाचून माणूस ती शेवटपर्यंत पिळतो आणि मग कंपनीला शिव्या घालतो. आणि १६५ सेल्सियसचं म्हणाल, तर मांसात पाणी आहे तोवर ते १०० च्या वर जायचं नाही. तो आकडा गाठायचा तर तंगडीचाच कोळसा करावा लागेल.

वीस मिनिटांचं काय? फ्रीजमधून थेट काढलेली तंगडी, बाहेर तासभर ठेवून मसाला मुरवलेली तंगडी, शंभर ग्रॅमची, दीडशे ग्रॅमची, या सगळ्यांना एकच घड्याळ लावता येत नाही. वेळ अंदाजासाठी, खात्री थर्मामीटरची.

रात्रभर लिंबू-व्हिनेगरात ठेवल्यानं मसाला आतपर्यंत जातो, हाही गोड गैरसमज. मसाल्याचा वास-रंग पृष्ठभागापासून काही मिलिमीटरच आत जातो, मग एक रात्र ठेवा की दोन. आत खोलवर जातं ते मीठ. तेव्हा किलोला साधारण दोन सपाट चमचे मीठ चोळून तंगड्या तीन-चार तास फ्रीजमध्ये ठेवा, जमलं तर रात्रभर. आंबट मात्र जपून. तीव्र आंबटपणात मांसाचा वरचा थर आधी पांढरा पडतो, मग पिठूळ होतो. भाजल्यावर खडूसारखा लागतो. लिंबू शेवटच्या तासात पुरतं. दही सौम्य, ते रात्रभर चालेल. कच्च्या पपईचा कीस घालणाऱ्यांनी घड्याळ लावूनच घालावा: किलोला चमचाभर, अर्धा-पाऊण तास. पपईतलं पपेन, मांस मऊ करणारं द्रव्य, थांबत नाही, ते मांसाचा लगदा करूनच दम घेतं. मध, केचप, बार्बेक्यू सॉस असलं गोड काही लावायचं असेल तर शेवटच्या पाच मिनिटांत, कारण साखर आधी करपते.

खोल चिरा मारा, जाड भागात दोन-तीन, हाडापर्यंत. मीठ-मसाल्याला वाट मिळते आणि उष्णतेलाही. मेसेजमध्ये कातडीचा उल्लेखच नाही, आणि इथं तो करायला हवा, कारण आपल्याकडे न सांगता स्किन काढूनच देतात. चिकनवाल्या भाऊंना ‘लेग पीस, स्किन राहू द्या’ म्हटलं की ते मान वर करून विचारतात, ‘ताई, स्किनसकट? नक्की ना?’ नक्की. जाळीवर तीच मांसाचं रक्षण करते आणि तिचीच चरबी वितळून खाली उतरते. स्किनलेसच आवडत असेल तर दर दहा मिनिटांनी तेल किंवा बटरचा हात फिरवा.

कुकरची शिट्टी काढली तर शिजेल, नाही कशाला म्हणू? पण निम्मी चव त्या पाण्यात उतरते. त्या पाण्याचा रस्सा करणार असाल तर तेवढं तरी सार्थकी लागेल. फक्त सकाळी अर्धवट वाफवून ओट्यावर ठेवायचं आणि रात्री भाजायचं, हा उद्योग करू नका. वाफवलंत तर लगेच भाजा.

धुण्याच्या बाबतीत मी मेसेजलाही पूर्ण खोटं ठरवत नाही आणि इंग्रजी वेबसाइट्सनाही पूर्ण खरं मानत नाही. ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीनं २०१४ मध्ये ‘कच्चं चिकन धुऊ नका’ अशी मोहीमच काढली होती, कारण नळाच्या धारेनं उडणारे शिंतोडे कँपिलोबॅक्टरला ओट्यावर, भांड्यांवर, शेजारच्या कोथिंबिरीवर नेऊन बसवतात. कारण पटण्यासारखं आहे. पण त्यांचं चिकन कारखान्यातून साफ होऊन येतं, आपलं डोळ्यांदेखत कापलेलं, रक्ताचे थर आणि पिसांची खुंटं असलेलं. ते तसंच मसाल्यात घाला असं कुणाला सांगायचं? तेव्हा पातेल्यात पाणी घेऊन त्यात हळूच बुडवून काढा, पाणी अलगद ओता, सिंक साबणानं घासा, हात धुवा. ‘खळखळून’ मात्र नाही. आणि नंतर टिश्यूनं टिपून कोरडं करा. ओल्या तंगडीला रंग चढत नाही.

राहिली गॅलरी. गटारी ऐन पावसात येते, गच्ची ओली, म्हणून शेगडी आत येते, हे समजू शकतं. पण घोडबंदर रोड काय किंवा नेरूळ-खारघर काय, आपल्या गॅलऱ्या आता गॅलऱ्या राहिलेल्याच नाहीत. स्लायडिंग काचा लावून त्यांच्या खोल्या झाल्यात. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर संपून निखारे छान लाल झाले की लोकांना वाटतं आता त्रास नाही, पण तेव्हाही तो निघतच असतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. माणसाला वाटतं बिअर चढली. एक्झॉस्टच्या पंख्यावर याबाबतीत भिस्त ठेवता येत नाही. कोळशाची शेगडी फक्त उघड्यावर, सोसायटीला विचारून गच्चीवर. आणि येऊरचं जंगल म्हणजे कुणाचं अंगण नव्हे, तिथं झाडाखाली शेगडी मांडायची नाही.

पाऊस असेल तर ओटीजी लावा: २०० अंश, तंगड्या जाळीवर, खाली ट्रेमध्ये वाटीभर पाणी म्हणजे गळणारी चरबी धूर करत नाही, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, शेवटची पाच मिनिटं वरचा रॉड. एअर फ्रायरमध्ये १९० वर बावीस-पंचवीस मिनिटं, मध्यावर उलटून, आणि टोपलीत गर्दी न करता. धुराच्या वासाशिवाय मन भरत नसेल तर खिडकी उघडी ठेवून कोळशाचा एकच तुकडा गॅसवर लाल करा, तंगड्यांच्या पातेल्यात स्टीलच्या वाटीत ठेवा, वर अर्धा चमचा तूप सोडा आणि तीन मिनिटं झाकण. त्याहून जास्त ठेवलंत तर कडवट लागतं.