रुपया घसरला की कोणाची चांदी?

मध्यंतरी रुपया पुन्हा घसरला, तेव्हा परदेशातून घरी पैसे पाठवण्याचा खर्च कमी व्हायला हवा अशा अर्थाचे काही तरी मी घरच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिले होते. त्यावर माझ्या थोरल्या चुलतभावाने लिहिले, ‘रुपया पडला की तुमची चांदी. मग दोन-चार टक्क्यांसाठी रड कशाला?’ दादाची सगळी नोकरी सरकारी बँकेत झाली असल्यामुळे पैशाच्या बाबतीत आमच्या घरात त्याचा शब्द शेवटचा मानला जातो, आणि त्याच्या त्या वाक्याला सात जणांनी अंगठा उंचावून दाद दिली. तेव्हापासून मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडतो आहे.

दादाचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे. रुपया घसरला की इथल्या, म्हणजे सिंगापूरच्या, एका डॉलरचे घरी जास्त रुपये होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आयात तेल महागले की घरचा खर्चही वाढतो, आणि पाठवलेले पैसे त्याच खर्चात जिरतात. शिवाय दर वर असो की खाली, मधल्या माणसाचा हिस्सा सुटत नाही. तो सर्वांना सारखा लागत नाही, आणि नेमके हेच दादाला दिसत नाही. पाच डॉलर शुल्क दोन हजार पाठवणाऱ्याला पाव टक्का पडते, तर दोनशे पाठवणाऱ्याला अडीच टक्के.

त्यातही शुल्क हा खर्चाचा केवळ दिसणारा भाग आहे. मागे एका रविवारी सेरंगून रोडवर पैसे पाठवण्याच्या रांगेत माझ्यापुढे बांधकामावरचा एक तरुण उभा होता, बुटांवर सिमेंट तसेच. दोन खिडक्यांवरचे भाव त्याने जुन्या पावतीच्या पाठीवर लिहून घेतले होते आणि घरी मिळणाऱ्या रुपयांना खिशातून जाणाऱ्या एकूण डॉलरांनी भागून तो पाहत होता. एका खिडकीवर ‘शुल्क शून्य’ अशी ठळक पाटी होती. तो दुसऱ्या खिडकीकडे गेला. बँका आपसात ज्या दराने चलन घेतात, त्याहून एक रुपया कमी दर ग्राहकाला दिला, तर पाचशे डॉलरमागे पाचशे रुपये जातात आणि पावतीवर त्यांचा उल्लेखही नसतो. अभियंता म्हणवणाऱ्या मला तो भागाकार कित्येक वर्षे सुचला नव्हता.

खर्च कमी करता येतो, हे आता वादाचे राहिलेले नाही. 2009 साली इटलीतल्या लाकिला येथे जी-8 देशांनी जागतिक सरासरी पाच वर्षांत दहा टक्क्यांवरून पाचवर आणण्याचे ठरवले. संयुक्त राष्ट्रांनी 2030 पर्यंत तीन टक्क्यांच्या खाली जाण्याचे लक्ष्य ठेवले. आणि जागतिक बँकेच्या पाहणीत 2025 च्या आरंभीही दोनशे अमेरिकी डॉलर पाठवण्याचा सरासरी खर्च साडेसहा टक्क्यांच्या आसपासच होता. इथे मात्र फेब्रुवारी 2023 मध्ये पेनाऊ ही सिंगापूरची मोबाइलवरून पैसे पाठवण्याची यंत्रणा आणि भारताचे यूपीआय जोडले गेले, आणि केवळ मोबाइल क्रमांकावर पैसे काही क्षणांत भारतातल्या खात्यात पोहोचू लागले. दिवसाची मर्यादा साधारण हजार डॉलर आणि बँका ठरावीक, पण मधली साखळी तुटली की काय होते, ते दिसले. (इथे एखादी गोष्ट ठरली की होते, असे मी दादाला ऐकवणार होतो, पण त्या जोडणीचा निम्मा भाग भारताने बांधला आहे, हे लक्षात आल्यावर गप्प बसलो.)

तिकडे परकी चलन बँकेत रुपयांत बदलले, तर त्या सेवेवर जीएसटी लागतो, आणि पंचवीस हजारांपर्यंतच्या व्यवहाराला तो किमान 45 रुपये असतो. पाच हजार रुपये पाठवणाऱ्याच्या घरी हा जवळजवळ एक टक्का झाला. रिझर्व्ह बँकेच्या 2023-24 च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशांत सर्वांत मोठा, 20.5 टक्के वाटा महाराष्ट्राचा आहे, केरळपेक्षाही किंचित जास्त. तरीही आपल्याकडे हा विषय निघाला की चर्चा ‘एनआरआय’ नावाच्या एकाच गलेलठ्ठ माणसाभोवती फिरते.

आणि तो माणूस मीच आहे, हे कबूल करायला हवे. मला पाव टक्काही पडत नाही. त्या तरुणासारख्यांचे अडीच टक्के मी वादात पुढे केले, कारण माझ्या बाजूने बोलायला माझ्याकडे दुसरे काही नव्हते. दादाचे वाक्य मला लागले ते टक्क्यांमुळे नव्हे. आईची दुखणी, घराची गळती, भावंडांची लग्नकार्ये हे सगळे तो तिथे राहून निभावतो, आणि त्या घरातले माझ्याकडे राहिलेले एकमेव काम म्हणजे महिन्याच्या पाच तारखेला पैसे पाठवणे. त्यालाही कोणी ‘चांदी’ म्हटले, तर मी घरचा म्हणून नेमके काय करतो?

गेल्या महिन्यात आईने फोनवर सहज सांगितले की, माझे पैसे तिला लागत नाहीत. दोन वर्षे ती त्यांच्या मुदत ठेवी करते आहे आणि नॉमिनी म्हणून माझेच नाव घातले आहे. अर्ज दादाने भरून दिले होते. या पाच तारखेला मी पुन्हा तेवढेच पैसे पाठवले. पैसे पाठवण्याचे कारण विचारणाऱ्या रकान्यात नेहमीप्रमाणे ‘कौटुंबिक निर्वाह’ निवडले, आणि त्याआधी घरी मिळणाऱ्या रुपयांना डॉलरांनी भागूनही पाहिले.