युनियनला नावं ठेवताय, पण ती उघडून पाहिलीत का?

युनियन म्हणजे पाण्याचे दोन पाइप जोडणारा, मधला नट सोडला की उघडणारा जोड; सॉकेट म्हणजे दोन्ही बाजूंनी पाइप आत घेणारा साधा जोड. त्यांच्याबद्दल सध्या एक सल्ला फार फिरतोय : "युनियन म्हणजे नुसता खर्च आणि गळतीची जागा. सगळीकडे सॉकेट लावा, जोड कायमचा पक्का. युनियन गळलीच तर टेप गुंडाळून पान्याने आवळा." हे ऐकून टाकलेली लाइन दुरुस्तीच्या दिवशी रडवते, म्हणून हे उत्तर.

"सॉकेटने भागतं." नवी लाइन टाकताना भागतं, कबूल. पुढचा पाइप मोकळा असतो, गोल फिरवत आत नेता येतो. पण दोन एल्बोंच्या (वळणावरच्या जोडांच्या) मध्ये बसलेला जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप काढून बघा. दोन्ही टोकांचे आटे उजवे, त्यामुळे एका टोकाला सोडवायला पाइप फिरवला की दुसऱ्या टोकाला तो आणखी आवळत जातो. शेवटी करवतच काढावी लागते. सीपीव्हीसीत (प्लास्टिकच्या पाइपात) तर सोल्युशन (जोड चिकटवायचा द्रव) लावलं की पाइप आणि सॉकेट एकजीव होतात, तिथे कापण्यावाचून मार्गच नाही. युनियनमध्ये फक्त मधला नट फिरतो, पाइप जागचा हलत नाही. मोटरच्या दोन्ही बाजूंना युनियन असली तर दोन नट सोडायचे, वायर काढायची, मोटर उचलायची. खर्चाचा मुद्दा मला इथेच संपलेला दिसतो.

"टेप गुंडाळा, आवळा." सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. नटाचे आटे पाणी अडवतच नाहीत. ते फक्त युनियनच्या दोन भागांची तोंडं एकमेकांवर दाबून धरतात, पाणी अडतं त्या तोंडांच्या मध्ये : कुठे धातूवर घासून बसवलेला धातू, कुठे वायसर, प्लास्टिकच्या युनियनमध्ये ओ रिंग (गोल रबरी कडं). नटावर कितीही टेप चढवा, गळती तशीच राहणार. टेपची जागा पाइप युनियनमध्ये शिरतो त्या आट्यांवर आहे. नटाखालून थेंब येत असेल तर नट उघडा, तोंडावर बोट फिरवा. वाळूचा एखादा कण, कडक झालेला वायसर किंवा खाचेतून सरकून चिमटलेली ओ रिंग बहुतेक वेळा तिथेच सापडते. प्लास्टिकचा नट हातानेच आवळा, मोठा पाना लावला की तो तडकतो. लोखंडी युनियनला मात्र दोन पाने लागतात. एकाने युनियनचा अर्धा भाग धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा, नाहीतर शेजारचा चांगला जोड ढिला होतो.

"युनियन गळतेच." दोन पाइप एका रेषेत नसताना नटाच्या जोरावर ओढून आणले तर गळेल. तोंडं सरळ समोरासमोर आली पाहिजेत.

एक गोष्ट मात्र त्या सल्ल्यात खरी निघते : भिंतीत गाडायच्या लाइनमध्ये युनियन नको, कारण तिथे हात पोचत नाही. उघड्यावर मात्र मोटर, गीझर, मीटरपाशी ती हवीच. आणि पाणी येतं त्या बाजूला, युनियनच्या आधी व्हॉल्व्हही बसवा, नाहीतर नट सुटताच अख्खी टाकी अंगावर येईल.