बुकर, शेव आणि पाच पायांचा दगड

बंडूने 'ऑर्बिटल' ही कादंबरी पोह्यांच्या प्लेटशेजारी आपटली. मुखपृष्ठावर शेव सांडली, पण त्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

"२०२४ चं बुकर म्हणे! सहा अंतराळवीर, चोवीस तास, पृथ्वीला १६ फेऱ्या. पुढे काय? ठणठण गोपाळ."

"तू रोज राजवाड्याला फेऱ्या मारतोस, तुझं पुढे काय झालं?" विजूताई.

बंडू इंजिनिअर. कादंबरीचंही उत्तर शेवटच्या पानावर छापलेलं हवं. त्यामुळे अँडी विअरची 'प्रोजेक्ट हेल मेरी' ही त्याची पोथी. "भिया, शाळामास्तर यानात जागा होतो, स्वतःचं नाव आठवत नाही, पण वस्तू खाली टाकून गुरुत्व मोजतो! याला म्हणतात विज्ञानकथा." (स्वतःच्या स्कूटरचा प्लग हा मेकॅनिककडून बदलून घेतो.)

"मला आवडली की," ताई म्हणाल्या. "पुस्तकभर लक्षात राहील असा माणूस एकच. तोही परग्रहावरचा, पाच पायांचा, आणि दगडाचा."

सुध्याने किम स्टॅन्ली रॉबिन्सन काढला. 'द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर', २०२०.

"ती उत्तर प्रदेशातल्या उन्हाची ना?" ताईंनी चमचा खाली ठेवला. "वीज गेलेली. बंदुका घेऊन पोरं येतात, जनरेटर उचलून नेतात. माणसं तळ्यात उतरतात, तर पाणी अंगापेक्षा गरम. मी ते मेमध्ये वाचलं, आपल्याकडेही लाइट गेलेली. मधेच उठून माठाला हात लावून आले."

त्या एका प्रकरणावर मी बंडूची अख्खी पोथी ओवाळून टाकीन.

"आणि नंतर?" सुध्या.

"नंतर झ्युरिकात त्या मिनिस्ट्रीच्या मीटिंगा," ताई.

"सोसायटीच्या मीटिंगला येत नाहीस," बंडू सुध्यावर घसरला, "आणि झ्युरिकच्या वाचतोस?"

"तिथे पार्किंगवरून भांडत नाहीत." पार्किंगचं प्रकरण जुनं आहे, इथे उकरत नाही.

बंडूने शेवटचा पत्ता टाकला. "नारळीकर! ते गणितवालेच होते."

"होते ना," ताई म्हणाल्या. "१९७४ ला 'कृष्णविवर' ही कथा विज्ञानकथा स्पर्धेला पाठवली ती जगताप या नावाने. वर अक्षर ओळखू येऊ नये म्हणून बायकोकडून लिहून घेतली. गोष्ट स्वतःच्या पायावर उभी राहते का, ते बघायचं होतं त्यांना. तू तर बुकरचा शिक्का बघून विकत घेतलीस."

"त्यावरून आठवलं," सुध्या म्हणाला, "माझं नारळीकरांचं 'प्रेषित' तुझ्याकडे आहे."

"वाचतोय."

"कॉलेजपासून?"

पोहेवाल्यालाच आधी हसू फुटलं. बंडूने तोंड लपवायला 'ऑर्बिटल' उघडली, ती उलटी.